ऐपत आणि तिचा पुरावा

११ नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटनने परदेशी विद्यार्थ्यांनी व्हिसासाठी दाखवावयाच्या शिलकीची रक्कम पुन्हा वाढविली. लंडनबाहेर शिकणाऱ्याने महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये शिकणाऱ्याने १,५२९ पौंड, असा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा पैसा आपल्यापाशी आहे हे सिद्ध केले पाहिजे. लंडनबाहेरचा हिशेब १०,५३९ पौंडांचा, म्हणजे बारा लाख रुपयांच्या वरचा होतो. आणि पहिल्या वर्षाची जी फी भरावयाची राहिली असेल ती याखेरीज. महागाईच्या दिवसांत आकडा वाढला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आमचे लक्ष वेधले आहे ते त्या आकड्याला जोडलेल्या जुन्याच अटीकडे. हा पैसा विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस निश्चल पडून असला पाहिजे. सत्ताविसाव्या दिवशी शिल्लक त्या आकड्याखाली गेली, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू.

इतर देशांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे फी घेत नाहीत, म्हणून आपल्याकडील मध्यमवर्गाला जर्मनी स्वस्त वाटते. परंतु सप्टेंबर २०२४ पासून तेथे जाणाऱ्याला ११,९०४ युरो एका बंदिस्त खात्यात आधी ठेवावे लागतात आणि मग त्यांतले महिन्याला ९९२ युरो त्याच्या हाती पडतात. कॅनडाने वर्षानुवर्षे १०,००० डॉलरवर ठेवलेली रक्कम जानेवारी २०२४ मध्ये एकदम २०,६३५ वर नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २२,८९५ वर. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मध्ये ती २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर केली. अमेरिकेने असा एकच आकडा ठरविलेला नाही. तेथे विद्यापीठ पहिल्या वर्षाचा खर्च काढते, त्याचा पुरावा मागते, आणि तो पटला म्हणजेच आय-२० हा कागद पाठविते. पुढे मुंबईतील कॉन्सलसमोर तीच उलटतपासणी पुन्हा. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते व त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर वर्गांत होते. एवढ्या घरांनी हे दिव्य पार पाडले आहे.

कोणत्याही देशाने ही चौकशी करू नये असे आम्ही म्हणणार नाही. परक्या मुलखात पैशावाचून अडकलेल्या मुलाचे हाल किती होतात, भाड्याच्या खोलीसाठी आणि दोन वेळच्या जेवणासाठी तो कशा अवस्थेत राबतो, हे आता कोणापासून लपून राहिलेले नाही. पैसा आहे की नाही हे आधी पाहणे विद्यार्थ्याच्याही हिताचे आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. या पद्धतीत पैसा आहे की नाही हे पाहिले जात नाही. तो अमुक एका रूपात आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. आणि ज्या रूपात तो पाहिला जातो ते रूप पगारदाराच्या घरी सहज सापडते, शेतकऱ्याच्या, कारागिराच्या आणि लहान व्यापाऱ्याच्या घरी सापडत नाही.

याचे उदाहरण म्हणून आम्ही मुद्दाम आमच्या किनाऱ्यापासून दूरचे एक गाव घेतो. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर. अमेरिकेच्या मुंबईतील कॉन्सलच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर मध्य प्रदेशही येतो. त्यामुळे भुसावळमार्गे रात्रीच्या गाडीने आलेला बऱ्हाणपूरचा मुलगा आणि मडगावहून आलेली मुलगी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एकाच रांगेत फायली छातीशी धरून उभी असतात. दोघांची भाषा पुष्कळदा एकच असते. बऱ्हाणपूर १७६० साली उदगीरच्या विजयानंतर पेशव्यांकडे आले, आणि तेव्हापासून, किंबहुना त्याही आधीपासून, तापीच्या त्या काठावर मराठी बोलणारी घरे आहेत. शेजारच्या रावेर तालुक्यात आणि बऱ्हाणपुरात केळी एकच, सोयरीक एकच.

ऐपतीच्या पुराव्याची गोष्ट बोलताना या गावाचे नाव घेण्यात एक औचित्यही आहे. सतराव्या शतकात सुरतेहून आग्ऱ्याला जाणारा व्यापाराचा राजरस्ता बऱ्हाणपुरावरून जात असे. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो मोगल दरबाराकडे जाताना येथे शाहजादा परवीझच्या भेटीसाठी थांबला होता. इंग्रजांनी येथे वखार घातली, आणि येथली मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाते असे ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदविले. एवढा व्यापार चाले तो नाण्यांच्या थैल्या उंटांवर लादून नव्हे. सुरत, बऱ्हाणपूर आणि आग्रा येथले सराफ एकमेकांवर हुंड्या लिहीत, आणि कागदाच्या त्या चिठोऱ्यावर इंग्रज वखारवाल्यांचीही देवघेव चाले. हुंडीमागे काय असे? सराफाची पेढी, त्याचे नाव, त्याच्या शब्दाचा बाजारातला अनुभव. त्याच्या तिजोरीत २८ दिवस किती रक्कम हालचालीवाचून पडली होती, हे कोणी विचारीत नसे. आणि कोणी विचारले असते तर ज्याचा पैसा महिनाभर हलत नाही त्याचा धंदा बसला असेच बाजाराने मानले असते.

आजच्या बऱ्हाणपूरचा पैसाही हलता आहे. हा जिल्हा केळीचा. लागवडीपासून घड उतरेपर्यंत वर्षभर रोपे, खते, ठिबक, मजुरी यांत पैसा जात राहतो, आणि काढणीच्या काही आठवड्यांत तो एकदम हाती येतो. आला की त्यातला मोठा भाग सोसायटीचे आणि दुकानदाराचे देणे फेडण्यात जातो व उरलेला पुढल्या लागवडीत. वर्षाची उलाढाल दहा-पंधरा लाखांची असलेल्या शेतकऱ्याचे पासबुक कोणत्याही यादृच्छिक महिन्यात उघडले, तर त्यात अपुरी शिल्लक दिसावी हेच स्वाभाविक. शिवाय शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने परदेशी अधिकाऱ्याला ओळखीचा वाटणारा एकमेव कागद, म्हणजे आयकराचे विवरणपत्र, त्याच्याजवळ नसते किंवा असले तरी त्यातला आकडा क्षुल्लक असतो. शहरात यंत्रमाग आहेत. तेथे मजुरी मीटरवर, पुष्कळशी रोख. चार-सहा मागांचा मालक असला तरी त्याचा पैसा सुतात आणि न विकलेल्या कापडात गुंतलेला. पगाराची चिठ्ठी या शब्दाला तेथे अर्थ नाही.

मग जमीन आहे, घर आहे, सोने आहे. ब्रिटनच्या नियमात यांतले काहीही चालत नाही. बँकेतली रोकडच हवी. अमेरिकेच्या कॉन्सलला जमिनीचे कागद दाखविता येतात, पण ते मुलगा परत येईल या विश्वासापुरते उपयोगी. त्यांतून फी भरली जाईल असे तो मानीलच असे नाही. आणि एकत्र कुटुंबाचे काय करायचे? आपल्याकडे पुतण्याच्या शिक्षणाला काका पैसे देतो यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पुष्कळ घरांतून ते त्याचे कर्तव्यच मानले जाते. ब्रिटनच्या व्हिसासाठी काकाचे खाते चालत नाही, आजोबांचे चालत नाही. आईबापांचे चालते, तेही जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडून. कुटुंब म्हणजे दोन पिढ्यांचे, एवढीच त्यांची व्याख्या.

आमच्या वाचकांनी हे सारे परप्रांतीचे दुखणे म्हणून बाजूला सारू नये. फोंडा, सांगे, काणकोणच्या कुळागरांकडे पाहावे. सुपारी, नारळ, मिरीचे उत्पन्न देणारे कुळागर तीन पिढ्या अविभक्त राहिलेले असते. वाटणीची इन्व्हेंटरी न्यायालयात वर्षानुवर्षे पडून असते. आणि एका मुलाच्या शिक्षणासाठी ते गहाण ठेवावयाचे तर मुंबईपासून नैरोबीपर्यंत विखुरलेल्या सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या हव्यात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सामायिक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे हा अपवाद नाही. आंब्याची कलमे डोळ्यांना दिसतात, त्यांवर बँक पैसे देत नाही. पणजीत किंवा वास्कोत सरकारी नोकरी करणाऱ्याचा मुलगा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून ही अट पुरी करतो. त्याच गावच्या बागायतदाराचा मुलगा, कदाचित अधिक सधन असूनही, अडतो.

अडलेल्याच्या दाराशी मदतीचा हात घेऊन कोण येतो हे सांगावयास नको. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या दुकानांच्या आडोशाने ‘बॅलन्स दाखवून देण्याचा’ एक धंदा उभा राहिला आहे. खात्यावर महिनाभरासाठी दहा-पंधरा लाख आणून ठेवायचे, त्याचे व्याज आधीच कापून घ्यायचे, कोऱ्या धनादेशांवर सह्या घ्यायच्या, आणि व्हिसाचा अर्ज निघाला की पैसा दुसऱ्याच्या खात्यात. ज्याची ऐपत खरी आहे परंतु रूप चुकले आहे अशा माणसालाही हा मार्ग सोपा वाटतो. ज्याची ऐपत मुळीच नाही त्याला तर तो एकच मार्ग दिसतो. दोघांनाही आमचे सांगणे आहे की हा मार्ग धोक्याचा आहे. फसवणूक उघडकीस आली तर ब्रिटन दहा वर्षे दार बंद करते. अमेरिकेचा कायदा खोटी माहिती देणाऱ्याला कायमचा अपात्र ठरवितो, आणि त्यातून मिळणारी सूट दुर्मीळ असते. बाविसाव्या वर्षी केलेल्या त्या एका कागदाची किंमत सल्लागार मोजत नाही. आणि सापडला नाही तरी व्हिसानंतर पैसा निघून गेलेला असतोच. ज्या हलाखीपासून मुलाला वाचविण्यासाठी ही अट घातली त्याच हलाखीत तो हातात खोटा पुरावा घेऊन उतरतो.

या अडचणीवर सरळ उपाय आहे तो बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा. मान्यताप्राप्त बँकेने मंजूर केलेल्या कर्जाचे पत्र बहुतेक देश पुरावा म्हणून स्वीकारतात आणि मग २८ दिवसांचा प्रश्नच उरत नाही. परंतु आपल्या बँकांची व्यवस्था पाहा. बँक संघटनेच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही; साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी-निधीचा आधार आहे. त्यापलीकडे स्थावर तारण हवे. जर्मनीच्या बंदिस्त खात्याचीच रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते, म्हणजे परदेशी शिक्षणाचे जवळजवळ प्रत्येक कर्ज या मर्यादेपलीकडचे. नामांकित विद्यापीठांच्या यादीतील प्रवेशासाठी काही बँका तारणाशिवाय मोठी रक्कम देतात, पण तेथे सहअर्जदाराचे उत्पन्न पाहिले जाते, आणि पुन्हा तेच विवरणपत्र मागितले जाते. शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा राजी नसतात. मध्य प्रदेशातील शेतकऱ्याजवळ भू-अधिकार व ऋणपुस्तिका असते. त्या पुस्तिकेवर त्याला पिकासाठी कर्ज मिळते, मुलीच्या एम.एस.साठी मिळत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही. हा कायदा त्याच्या रक्षणासाठी आहे व तो असलाच पाहिजे. मात्र त्यामुळे ती जमीन तारण म्हणून बँकेला नको असते, आणि त्याच्या मुलासाठी वेगळी सोय केली पाहिजे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ ही तारणाशिवाय कर्ज देणारी योजना मंजूर केली, ती देशातील निवडक संस्थांपुरती. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंदच झाली. बऱ्हाणपूरच्या विणकरांच्या मोहल्ल्यांतून तिची गरज किती असेल याची कल्पना करता येते. कर्ज मग बिगर-बँकिंग वित्तकंपन्यांकडून काढले जाते, चढ्या व्याजाने.

आता शिष्यवृत्त्या. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. ‘सारथी’मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. मध्य प्रदेश सरकारच्याही अनुसूचित जाती, जमाती आणि मागास वर्गांसाठी परदेशी शिक्षणाच्या योजना आहेत. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाकडून बिनव्याजी कर्ज मिळते. प्रत्येक राज्य आपल्या रहिवाशापुरते पाहते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु बऱ्हाणपूरकडे पुन्हा पाहा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हे गाव ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बऱ्हाणपूर भोपाळकडे राहिले. रावेरच्या मुलाला ज्या योजनेचा अर्ज करता येतो तो पलीकडच्या गावातल्या त्याच्या मावसभावाला करता येत नाही. जातींच्या याद्यासुद्धा राज्यागणिक वेगळ्या. सीमेवरील मराठी माणसाविषयी आपल्याकडे भाषणे बेळगावपुरती होतात. तापीच्या काठावर कोणी भाषण करीत नाही, आणि या प्रश्नाला भाषणाची गरजही नाही. दोन शिक्षणखात्यांच्या सचिवांनी एकत्र बसण्याची आहे.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा २०२५ मधील अनुभव तर मुळावरच घाव घालणारा होता. सामाजिक न्याय मंत्रालयाने १०६ विद्यार्थ्यांची निवड केली. जुलैच्या आरंभी त्यांपैकी ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली आणि उरलेल्या ६६ जणांना निधीच्या उपलब्धतेनुसार ती मिळतील असे सांगण्यात आले. ती पुढे कोणाला व केव्हा मिळाली हा भाग बाजूला ठेवला, तरी ‘निधी उपलब्ध झाल्यास’ हे शब्द कोणत्या कागदावर लिहिले गेले याचा विचार मंत्रालयाने करावयास हवा होता. विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते तेव्हा तिचा पहिला उपयोग पुस्तके घेण्याचा नसतो. तो पुराव्याचा असतो. अटीवर दिलेले पत्र हा पुरावा होत नाही. ब्रिटनचा अधिकारी असे पत्र बाजूला ठेवतो आणि खात्याचा उतारा मागतो. ज्याच्या खात्यात बारा लाख नाहीत म्हणूनच तो सरकारकडे गेला होता.

निधीवाचून शिक्षण कसे मोडते आणि कसे पुन्हा जोडले जाते याचा आपल्याजवळचा सर्वांत मोठा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. १९१६ साली ते लंडनला गेले, तेथे अर्थशास्त्राचे काम सुरू झाले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्ध्यावर सोडून परतावे लागले. पुढे सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. त्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आजच्या नियमांत भथेनांचे पत्र कोणी वाचलेही नसते. मित्राने दिलेले पाच हजार आधी खात्यात भरून, अठ्ठावीस दिवस न हलविता, मग अर्ज करावा लागला असता. आणि साडेअकरा पौंड देणाऱ्या दरबाराने ‘खजिन्यात शिल्लक असल्यास’ असे लिहिले असते, तर १९१३ ची बोटच चुकली असती. बडोद्याच्या खजिन्याने तसे लिहिले नाही, एवढीच त्या काळच्या आणि आजच्या कारभारातील तफावत आम्ही नोंदवितो.

परदेशांचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. त्या नियमांत बसेल असा कागद आपल्या माणसाला देणे हाती आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली काढलेली कर्जाऊ शिष्यवृत्ती आजही चालू आहे. १९५७ साली जयंत नारळीकर तिच्या आधारे केंब्रिजला गेले. एका खासगी निधीला जे जमले ते राज्यांना न जमण्याचे कारण दिसत नाही. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाच्या कर्जाची पंचवीस लाखांपर्यंतची हमी राज्याने घ्यावी, जमीन न मागता. बँकेने प्रवेशपत्र पाहून अट न घातलेले मंजुरीपत्र द्यावे, कारण गहाणखताची नोंदणी होईपर्यंत पैसा सुटणार नाही असे शेऱ्यात लिहिलेले पत्र व्हिसाच्या टेबलावर फुकट जाते. सामायिक मालमत्तेत ज्याचा हिस्सा निर्विवाद आहे त्याच्या हिश्शापुरते तारण कसे घेता येईल हे गोव्यातील सहकारी बँकांनी तरी तपासावे; कुळागरे त्यांना नवी नाहीत. मुलांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकेत एम.एस.ला विद्यापीठाचा पैसा क्वचित मिळतो, पीएच.डी.ला बहुधा मिळतो, आणि त्या सहायकवृत्तीचे पत्र हाच पुरावा धरला जातो. ज्याचा कल संशोधनाकडे आहे त्याने आधी कर्ज काढून एम.एस. आणि मग पुढचे, असा फेरा घालण्यापूर्वी थेट पीएच.डी.चा अर्ज करून पाहावा.

आणि तारखा. ब्रिटनमधील बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतात. त्याआधी विद्यापीठाचे पत्र, त्याआधी अनामत, आणि या सर्वांआधी पैशाचा पुरावा. जुलैत लागणारी निवडयादी त्या विद्यार्थ्याच्या कामाची नसते, किंवा त्याला एक वर्ष थांबावयास लावते. केंद्राने आणि राज्यांनी आपल्या याद्या एप्रिलअखेर लावाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. अर्ज मागविण्याची जाहिरात आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात काढावी लागते.